कपाटातला कॅमेरा, कात्री आणि खळ : फोटोग्राफीकडे परतताना

माझा कॅमेरा २२ वर्षं कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून होता. ५८व्या वर्षी तो खाली काढला, तेव्हा लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी धरली होती आणि सेल पाझरून हिरवट-पांढरा थर साचला होता. मी लगेच नवा कॅमेरा घेतला. सहा महिने फोटो काढले, ते कॉम्प्युटरवर साठत गेले, आणि उत्साह पुन्हा ओसरायला लागला. मग एके दिवशी सहज एक फोटो मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, कागदावर छापला आणि त्यावर रंगीत पेन्सिल फिरवली. त्या संध्याकाळी मी जेवायला उठले नाही. कॅमेरा मला सापडला होताच, पण काढलेल्या फोटोला हात लावता येतो हे तेव्हा कळलं.

हा लेख त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. पूर्वी फोटो काढत होतात, मग संसारात आणि नोकरीत ते सुटलं, आता वेळ आहे. पहिल्यांदाच कॅमेरा हातात घेत असाल तरी चालेल, काही परिच्छेद सोडून पुढे जा.

पहिला महिना काहीही विकत घेऊ नका

जुना कॅमेरा असेल तर आधी तो तपासा. सेलचा कप्पा उघडा. साध्या अल्कलाइन सेलचा थर असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून तो पुसून निघतो. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा. बारीक धाग्यांची जाळी दिसली तर ती बुरशी. अशी लेन्स बाकीच्या लेन्सांपासून वेगळी ठेवा. फिल्मच्या कॅमेऱ्यात मागच्या झाकणाच्या कडेला फोमची पट्टी असते, ती वर्षांनी चिकट होऊन विरघळते आणि तिथून उजेड आत शिरतो. ती बदलता येते. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, एक सेकंदावर लावून आवाज ऐका. ‘खट्’ आणि पुन्हा ‘खट्’ यांमध्ये सेकंदाऐवजी दोन-तीन सेकंद गेले तर आतलं तेल घट्ट झालंय.

यातलं काही दुरुस्त होण्यासारखं नसेल, तर मोबाइल पुरेसा आहे. मी हे मनापासून सांगते आहे. पुढे आपण फोटो कापणार, रंगवणार, शिवणार आहोत, त्याला महागड्या लेन्सची बारकाई लागत नाही. मोबाइलवर एकच गोष्ट शिकून घ्या : ज्या जागी फोकस हवा तिथे बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी अडकून राहतात. मग बोट वर-खाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो.

डोळ्यांचंही बघायला हवं. चाळिशी लागलेली असते, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य धूसर दिसतं आणि आपण समजतो की फोकस चुकला. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक चाक असतं, ते फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतील असं लावून घ्या. वयाबरोबर डोळ्यातलं भिंगही पिवळसर होत जातं आणि निळ्या-जांभळ्या छटा कमी दिसतात. चित्रकार क्लोद मोने यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यानंतर रंग वेगळेच दिसतात अशी त्यांची तक्रार होती. म्हणून पडद्यावर रंग ‘सुधारताना’ मी हात आखडता घेते आणि शंका आली तर एखाद्या तरुण माणसाला दाखवते.

हात थरथरत असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकून उभं राहिलात तर आणखी बरं. कॅमेरा टेबलावर ठेवून २ सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा धक्काही लागत नाही.

फिल्मवर शिकलेल्यांसाठी दोन बदल

एएसए म्हणजे फिल्मला उजेड किती पटकन टिपता येतो त्याचा आकडा. पूर्वी रोल १०० एएसएचा घातला की पुढचे ३६ फोटो १०० वरच. आता त्याला आयएसओ म्हणतात आणि तो प्रत्येक फोटोला बदलता येतो. ॲपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) आणि शटर जिथे होते तिथेच आहेत, बोटांना ते आठवतं. ॲपर्चर तुम्ही ठरवा, आयएसओ आपोआप ठरू द्या, सुरुवातीला एवढं पुरे.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा, आणि जुन्या सवयीमुळे तिथेच फसायला होतं. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त मिळाला तरी ती सांभाळून घ्यायची, म्हणून आपण ‘थोडं जास्तच’ देत असू. डिजिटलमध्ये उलटं आहे. पांढरा भाग एकदा करपला की तिथे काहीच उरत नाही, नंतर कितीही गडद करा, नुसता राखाडी डाग मिळतो. अंधाऱ्या भागातून मात्र बरंच काही वर काढता येतं. म्हणून ढग, पांढरा कपडा, उन्हातली भिंत यांच्याकडे बघून एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा ते, ठरवा, गरज पडली तर एखादा टप्पा कमीच द्या.

३६ फोटोंचा आठवडा

हा सराव मी अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी करते. एक विषय घ्यायचा, पायी जाता येईल अशा अंतरातला. एका आठवड्यात फक्त ३६ फोटो. काढलेला फोटो लगेच पडद्यावर दिसतो ती सोय बंद करून टाकायची, आठवडा संपेपर्यंत बघायचं नाही. पहिल्या दोन दिवसांत वीस फोटो उडून जातात, आणि मग उरलेल्या सोळांसाठी आपण खरंच थांबून बघायला लागतो.

विषय निवडताना पुढच्या कामाचा विचार करा. रंगवायला आणि कापायला सोपे पडतात ते फोटो ज्यांत एक ठळक आकार असतो आणि भोवती मोकळी जागा असते : खुर्ची, हात, झाडाची एक फांदी, जिन्यावर पडलेली सावली. शिवाय पोताचे फोटो वेगळे जमवा, म्हणजे गंजलेला पत्रा, पोपडे धरलेली भिंत, सालीच्या भेगा, सुरकुतलेलं कापड. हे अगदी समोरून, कॅमेरा पृष्ठभागाला समांतर धरून काढायचे. एकटे बघितले तर कंटाळवाणे वाटतात, कोलाजमध्ये, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रात, मात्र मला तेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात.

आठवड्याच्या शेवटी ३६ पैकी सहा निवडा. तांत्रिकदृष्ट्या चुकलेला एखादा तरी त्यात येऊ द्या. ब्रिटिश फोटोग्राफर जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना ४८व्या वर्षी मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, १८६३ साली. त्यांचे फोटो धूसर असत, काचेवर ओरखडे आणि बोटांचे ठसे राहत, आणि त्या काळच्या जाणकारांनी यावरून त्यांना खूप नावं ठेवली. त्यांनी धूसरपणा सोडला नाही. आज ती चित्रं संग्रहालयांत आहेत.

जुन्या अल्बमचे फोटो

परतणाऱ्यांकडे नवख्यांकडे नसलेला एक ठेवा असतो : जुने प्रिंट आणि निगेटिव्ह. नियम एकच, आणि तो मोडू नका. मूळ फोटोला कात्री, गोंद, रंग काहीही लावायचं नाही. कॉपी करा आणि कॉपीवर हवे ते प्रयोग करा.

४ बाय ६ इंची प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर तो ८ बाय १२ इंच आकारात स्वच्छ छापता येतो. ३५ मिमीची निगेटिव्ह २४०० डीपीआयवर स्कॅन केली की साधारण ए-४ एवढा प्रिंट निघतो. स्कॅनर नसेल तर प्रिंट खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल त्याला समांतर धरून फोटो घ्या. निगेटिव्हसाठी टॅबलेटचा पांढरा पडदा मागे उजेड म्हणून चालतो, फक्त मधे दुधी प्लास्टिकचा तुकडा थोड्या अंतरावर ठेवा, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. नंतर रंग उलटे करायचे.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसले असतील तर ओढू नका. दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फोटो निघाला नाही तर पानासकटच कॉपी करा.

छपाई : इथे घाई नको

चकचकीत कागदावर पेन्सिल घसरते, जलरंगाचे थेंब होतात, गोंद डाग पाडतो. म्हणून मॅट कागद घ्या, जाडसर. इंकजेटच्या काही शाया पाण्याने पसरतात, काही टिकतात. आपल्या प्रिंटरची शाई कुठली हे ओळखायला कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. पसरली तर त्या प्रिंटवर ओले रंग वापरू नका, किंवा आधी पारदर्शक फिक्सेटिव्हचे (रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे) दोन हलके थर फवारून वाळवा. लेझर प्रिंटमध्ये शाई नसते, वितळवून चिकटवलेली टोनरची भुकटी असते. ती पाण्याला दाद देत नाही, आणि याचाच फायदा आपण पुढे घेणार आहोत.

छापताना इंचाला ३०० ठिपके हा हिशोब धरा, म्हणजे ए-४ साठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. पोताचे फोटो याच्या निम्म्यावरही चालतात.

आणि रंगवण्यासाठीचा प्रिंट नेहमीपेक्षा फिका छापा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, डझनभर कागद वाया गेल्यावर कळलं. गडद प्रिंटवर पेन्सिल उमटतच नाही. काळा भाग राखाडीपर्यंत उतरवा, मग रंगाला जागा मिळते. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढा, म्हणजे पहिल्या प्रतीवर न घाबरता हात चालतो.

पहिलं काम : रंग आणि दोरा

फोटो हाताने रंगवण्याची पद्धत फोटोइतकीच जुनी आहे, १८४०च्या दशकात धातूच्या पत्र्यावरच्या डॅगेरोटाइपवरही रंगाची भुकटी लावत असत. सुरुवात कृष्णधवल प्रिंटवर करा आणि एकाच वस्तूला रंग द्या. सगळं रंगवायचा मोह होतो, पण एक छत्री, एक दार एवढंच रंगवलं तर बाकीचा राखाडी भाग बोलायला लागतो. पेन्सिलचे पातळ थर एकावर एक द्या, दाबून घासू नका.

जाड रंग लावायचा असेल तर जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांची युक्ती लक्षात ठेवा. मोठ्या चित्रांसाठी वापरलेल्या पट्टीवर उरलेला ओला तैलरंग ते साध्या छोट्या फोटोंवर ओढत. फोटोचा अर्धा भाग झाकला जातो आणि उरलेला अर्धा आपण जास्त निरखून बघतो. घरी हे जुन्या प्लास्टिक कार्डाने ॲक्रिलिक रंग ओढून करता येतं.

शिवण हे माझं सगळ्यांत आवडतं. कागद कापडासारखा सुई सहन करत नाही, म्हणून फोटो फोमच्या तुकड्यावर ठेवून आधी टाचणीने भोकं पाडून घ्या. दोन भोकांत ३-४ मिमी अंतर हवं, जवळजवळ पाडली तर कागद तिकिटासारखा फाटतो. मग साधा धावदोरा घाला. गाठ मागे मारण्याऐवजी दोऱ्याचं टोक कागदी टेपने चिकटवा, म्हणजे समोरून फुगवटा येत नाही.

कोलाज

बर्लिनमध्ये १९१९ च्या सुमारास कलाकार हाना ह्योख मासिकांतले फोटो कापून नवी चित्रं रचत होत्या. १९८२ मध्ये ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी एकाच दृश्याचे अनेक पोलरॉइड (लगेच छापून बाहेर येणारे फोटो) जोडून मोठी चित्रं केली. नवशिक्याला मी हॉकनींची पद्धत सुचवते, कारण तिला चित्रकला यावी लागत नाही. ओळखीची एखादी खोली घ्या. एका जागी बसून पंधरा-वीस फोटो काढा, प्रत्येक वेळी कॅमेरा थोडा वळवून, जवळच्या वस्तूंचे जवळून. छोट्या आकारात छापा आणि मोठ्या कागदावर मांडा. कडा जुळणार नाहीत, जुळवायच्याही नाहीत. मांडणी पक्की वाटली की मोबाइलने तिचा फोटो घ्या, कारण चिकटवायला घेतलं की सगळं हलतं.

चिकटवायला पांढरा पीव्हीए गोंद चालतो. मला गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ जास्त आवडते : ती उशिरा सुकते, तुकडा सरकवायला वेळ मिळतो, आणि ओली करून पुन्हा सोडवताही येते. रबर सोल्यूशन टाळा, काही वर्षांनी त्याचे तपकिरी डाग वर येतात. वर्तमानपत्राचा कागदही पिवळा पडणार, त्यात लाकडातलं लिग्निन असतं. मजकूर हवा असेल तर त्याची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून वापरा.

गोंद पातळ आणि थेट कडेपर्यंत लावा, मधून बाहेर हात फिरवून हवा काढा, वर-खाली बटर पेपर घालून जड पुस्तकांखाली २४ तास ठेवा. तरी कागद वळला तर मागच्या बाजूला तसाच एक कागद चिकटवा, दोन्हीकडचा ताण सारखा होतो.

फोटो दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवणं

लेझर प्रिंट साध्या पातळ कागदावर, आरशातल्यासारखा उलटा करून काढा. लाकडी फळी, कॅनव्हास किंवा जाड कागद यावर ॲक्रिलिक जेल मीडियमचा (रंग नसलेल्या ॲक्रिलिकच्या घट्ट लेपाचा) सलग, बऱ्यापैकी जाड थर लावा. प्रिंट तोंड खाली करून ठेवा आणि मधून बाहेर दाबत जा. कडेने बाहेर आलेलं मीडियम लगेच पुसा, कारण ते कागदाच्या पाठीवर सुकलं तर पुढे पाणी आत शिरत नाही. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी कागदाची पाठ स्पंजने ओली करून बोटाने गोल-गोल चोळा. कागद लगद्यासारखा निघून येतो आणि टोनर मीडियममध्ये अडकून राहतो. सुकल्यावर पांढुरकी झाक दिसली तर अजून तंतू उरलेत, पुन्हा ओलं करा. हे तीन-चारदा करावं लागतं. नखं लावू नका. शेवटी मीडियमचा पातळ थर दिला की उरलीसुरली झाक जाते.

यातली खरी गंमत अशी की टोनरमध्ये पांढरा रंग नसतो. फोटोत जिथे पांढरं आहे तिथे खालचं सगळं दिसतं. म्हणजे खाली आधीच जुन्या पत्राची कॉपी, नकाशा किंवा रंगाचा हात दिलेला असेल, तर तो फोटोच्या आकाशातून वर येतो. मी आईच्या हस्ताक्षरातल्या हिशोबाच्या पानाची प्रत लावून त्यावर तिचाच फोटो उतरवला होता. तिच्या पांढऱ्या साडीभर आकडे आले. तसं काही मी योजलं नव्हतं.

सायनोटाइप : उन्हात छापलेला निळा

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली, उन्हाने निळा फोटो छापायची ही पद्धत. पुढच्याच वर्षापासून इंग्रज वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी या पद्धतीने समुद्रशैवालाच्या ठशांची पुस्तकं केली. डार्करूम लागत नाही, मंद पिवळ्या बल्बची खोली पुरते.

दोन द्रावणं करायची. फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) २५ ग्रॅम आणि पाणी १०० मिली हे एक. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम आणि पाणी १०० मिली हे दुसरं. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल किंवा जास्त उष्णता अजिबात येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो. घरात लहान मुलं असतील तर कुलूप लावा.

वापरताना दोन्ही समान घ्या. ५-५ मिली मिसळलं की चार-पाच ए-४ कागद होतात. लोखंडी पट्टीचा ब्रश नको, फोमचा घ्या. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कापसाचा जलरंगाचा कागद उत्तम, पण त्यात अल्कली मिसळलेला नसावा, त्याने निळा रंग मरतो. लेप आडवा-उभा पातळ लावा आणि अंधारात वाळवा.

फोटोसाठी पारदर्शक शीटवर उलट्या छटांची निगेटिव्ह छापा, हव्या त्या मापाचीच, कारण इथे मोठं-लहान होत नाही. कागदावर ती ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात न्या. कडक उन्हात ५ ते १५ मिनिटं लागतात. पिवळसर हिरवा लेप आधी निळसर आणि मग राखाडी झाला की समजा झालं. नेमका वेळ कळायला आधी एका पट्टीवर दर दोन मिनिटांनी पुठ्ठा सरकवत चाचणी घ्या. मग साध्या पाण्यात, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. निळा रंग पुढच्या दिवसभरात आपोआप गडद होतो. धीर धरवत नसेल तर शेवटच्या पाण्यात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक चमचा टाका, डोळ्यांदेखत रंग चढतो.

सुकलेल्या सायनोटाइपवर रंगीत पेन्सिल, जलरंग, दोरा सगळं छान बसतं. पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा त्या निळ्यावर काय दिसतो ते करूनच बघा. ॲक्रिलिक रंग मात्र किंचित अल्कधर्मी असतात, आधी वाया गेलेल्या तुकड्यावर लावून दोन दिवस थांबा. साबणाचं पाणी तर अजिबात लागू देऊ नका.

तयार कामाच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, कागद, उन्हातली मिनिटं आणि वापरलेलं साहित्य लिहा. महिन्याभराने हेच पुन्हा करायचं असेल तर दुसरीकडे कुठे ते सापडणार नाही. आणि भिंतीवर लावलेला सायनोटाइप उजेडाने फिका पडायला लागला तर घाबरू नका. तो उतरवून काही आठवडे बंद कपाटात अंधारात ठेवा. निळा बराचसा परत येतो.